दम लागावा, पण बाद कुणी होऊ नये

पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. छाती धडधडेल असा जोराचा व्यायाम आणि स्नायू-हाडं बळकट करणाऱ्या हालचाली आठवड्यातून किमान तीन दिवस असाव्यात, असंही ती सांगते. प्रत्यक्षातलं चित्र याच्या उलट आहे. जगभरातल्या ११ ते १७ वयोगटातली सुमारे ८१ टक्के मुलं या किमान पातळीपर्यंत पोहोचत नाहीत, असं २०१६ च्या आकडेवारीवरून दिसलं. भारतातल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्मे लोक पुरेसे हालत नाहीत, असा अंदाज २०२२ च्या आकडेवारीवरून निघाला. घरातली मोठी माणसं बैठी आणि मुलंही बैठी, तेव्हा कमी वेळात जास्त फायदा देणारा व्यायाम सगळ्यांनाच हवासा वाटतो. म्हणूनच इंटरव्हल ट्रेनिंग, म्हणजे थोडा वेळ जोर लावायचा, थोडा वेळ दम घ्यायचा आणि पुन्हा जोर लावायचा हा प्रकार जिममधून घराघरांत आला आहे. आता मोबाइलवरच्या घंटेच्या तालावर मुलांकडूनही तो करून घेतला जातो. मुलं दोन-तीन दिवसांत कंटाळतात. मग त्यात गंमत आणण्यासाठी गाणी, रंगीत कार्डं आणि बक्षिसं येतात. माझं म्हणणं असं की गंमत अशी वरून लावता येत नाही. मुलांसाठी हा व्यायाम आनंदाचा होतो की शिक्षेचा, हे जोर किती लावायचा यापेक्षा मधली विश्रांती कशी आहे यावर ठरतं.

या पद्धतीचा इतिहास पाहिला तर विश्रांतीला तिथे पहिल्यापासून मान होता, असं दिसतं. १९३० च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयाचे अभ्यासक डॉ. हर्बर्ट राइंडेल यांनी धावपटूंसाठी ती शास्त्रशुद्ध बसवली. थोडं अंतर वेगाने धावायचं, नाडी मिनिटाला १८० च्या आसपास जाऊ द्यायची, मग ती १२० पर्यंत खाली आली की पुन्हा धावायचं. नाडी उतरायला दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला तर धाव झेपली नाही असं समजायचं. हृदय बळकट होतं ते मुख्यतः या मधल्या वेळात, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या सिद्धान्तातलं सगळंच पुढच्या संशोधनात टिकलं नाही, पण विश्रांती हा प्रशिक्षणाचाच भाग आहे ही दृष्टी टिकली. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्या मारून तयार झाला आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती त्याने जिंकल्या. १९९६ मध्ये जपानच्या इझुमी ताबाता यांनी २० सेकंद कमालीचा जोर आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्यांचे परिणाम प्रसिद्ध केले. पुढे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या मार्टिन गिबाला यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की बैठ्या पुरुषांनी बारा आठवडे २०-२० सेकंदांचे तीन जोर असलेला दहा मिनिटांचा व्यायाम केला, तर त्यांची दमाची क्षमता पाऊण तास मध्यम गतीने सायकल चालवणाऱ्यांइतकीच वाढते. पद्धतीचं बळ इथे सिद्ध झालं. पण हे सगळे प्रयोग स्वतःहून तयार झालेल्या प्रौढांवरचे होते. ते आकडे जसेच्या तसे आठ वर्षांच्या मुलापुढे ठेवताना हा फरक विसरून चालत नाही.

मुलांना थांबत-थांबत जोर लावायला शिकवावंच लागत नाही. अमेरिकेत सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या हालचाली सेकंदासेकंदाने टिपणारा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या जोरकस हालचाली साधारण तीन सेकंद टिकत होत्या, संथ आणि मध्यम हालचाली साधारण सहा सेकंद. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चाललेला जोर अगदी विरळा. मोकळं सोडलेलं मूल उसळतं, थबकतं, पुन्हा उसळतं. त्याचं शरीरही त्याला साजेसं आहे. २०१८ च्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांची तुलना सर्वसाधारण प्रौढांशी आणि राष्ट्रीय पातळीवरच्या दमदार खेळाडूंशी केली गेली. अतिशय जोराच्या व्यायामानंतर सावरण्यात ही मुलं सर्वसाधारण प्रौढांपेक्षा सरस आणि खेळाडूंच्या तोडीची निघाली. मुलांचे स्नायू प्राणवायूवर चालणाऱ्या ऊर्जेचा वापर प्रौढांपेक्षा जास्त प्रमाणात करतात, त्यामुळे थकवा कमी साचतो आणि लवकर निवतो. मैदानाला सलग पाच चकरा मारायला सांगितलं की कुरकुरणारं मूल पकडापकडीत तासभर का थकत नाही, याचं उत्तर इथे आहे. आळशीपणाचा शिक्का मारून मोकळं होण्याआधी आपण त्याच्यासमोर कोणती लय ठेवली, हे पाहायला हवं.

ही लय आपल्या अंगणातल्या खेळांमध्ये भरलेली आहे, आणि ती तिथे नियमांच्या रूपाने आहे. खो-खो घ्या. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदान, मधल्या पट्टीवर आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आणि नववा पाठलागावर. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, खांब गाठल्याखेरीज मागे वळता येत नाही. म्हणून तो काही सेकंद झेपावतो, खो देतो आणि बसतो. बसलेला गडी दम घेत असतो, पण खेळाबाहेर गेलेला नसतो. पुढचा खो आपल्याला मिळेल म्हणून तो कानात प्राण आणून बसलेला असतो. कबड्डीत एक चढाई फार तर ३० सेकंदांची. तिथे गडी बाद होऊन बाहेर बसतो खरा, पण संघाने प्रतिस्पर्ध्याचा गडी टिपला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येतो. विषामृतात विष लागलेला जागीच थिजतो आणि कुणीतरी अमृत देईपर्यंत श्वास सावरतो. डबा ऐसपैसमध्ये एका लाथेने डबा उडाला की पकडलेले सगळे सुटतात. साखळीत तर पकडला गेलेला बाजूला बसतच नाही, तो साखळीचा हात धरतो आणि पकडणाऱ्यांत सामील होतो. या सगळ्या खेळांतल्या विश्रांतीचे तीन गुण आहेत: ती थोडी आहे, तिला खेळात अर्थ आहे आणि ती नक्की संपणार आहे.

विश्रांतीचा दुसरा प्रकार निर्जीव असतो. संगीत खुर्चीत पहिल्या फेरीत बाद झालेलं मूल उरलेला सगळा वेळ बघत बसतं. शाळेच्या पीटीच्या तासाला चाळीस मुलं एका रांगेत उभी राहून उडीची पाळी येण्याची वाट बघतात, तेव्हा पस्तीस मिनिटांच्या तासात एकेका मुलाच्या वाट्याला मिनिटभराचीही हालचाल येत नाही. मोबाइलच्या घंटेवर केलेल्या उड्यांच्या मधले दहा सेकंदही तसेच कोरडे असतात. मूल फक्त पुढच्या त्रासाची वाट बघतं. याहून वाईट गोष्ट अशी की बाद करण्याच्या खेळात सगळ्यात आधी बाहेर पडतं ते सगळ्यात संथ, सगळ्यात जड किंवा सगळ्यात लहान मूल, म्हणजे ज्याला हालचालीची गरज सर्वांत जास्त आहे तेच. व्यायाम आणि आनंद दोन्ही बाजूंनी हा घाट्याचा सौदा आहे. मुलांसाठी इंटरव्हल ट्रेनिंग रंजक करायचं, तर पहिला प्रश्न हा विचारावा: इथे दम घेणारं मूल खेळाच्या आत आहे की बाहेर?

संशोधनातही याला आधार सापडतो. कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या ब्रेंडन गर्ड आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेच्या वर्गातच चार मिनिटांचा जोरकस व्यायाम करून पाहिला. आकडे ताबातांचेच होते, २० सेकंद जोर आणि १० सेकंद विश्रांती. पण प्रत्येक जोर म्हणजे एखाद्या गोष्टीतलं काम अभिनयाने करणं होतं, आणि मधल्या दहा सेकंदांत मुलांना पुढचा प्रसंग कळत होता. यानंतर मुलांची वर्गातली चुळबुळ कमी झाली आणि नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांचं लक्ष जास्त नेमकं राहिलं, असे निष्कर्ष २०१४ आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. डेन्मार्कमध्ये आठ ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत दहा महिने, आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं, लहान गटांतले चेंडूचे खेळ खेळवले गेले. दुसऱ्या एका गटाला त्याच काळात स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आळीपाळीने दिले. नेहमीच्या तासावर राहिलेल्या मुलांपेक्षा या दोन्ही गटांच्या हाडांची घनता आणि स्नायूंची क्षमता जास्त सुधारली. म्हणजे खेळ हा व्यायामाचा स्वस्त पर्याय नाही, शरीर त्याची तितकीच नोंद घेतं. माणूस एखादी गोष्ट टिकवून का करतो याचा अभ्यास करणारे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी तीन गरजा सांगितल्या: आपण ठरवतो ही भावना, आपल्याला जमतं ही भावना आणि आपण कुणाचे तरी आहोत ही भावना. मुलांनी स्वतः नियम ठरवलेला, प्रत्येकाला काही जमेल असा आणि कुणालाही बाहेर न काढणारा खेळ या तिन्ही गरजा भागवतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोजमापाचा. घड्याळ नाही, फेऱ्या ठरलेल्या नाहीत, मग पुरेसा जोर लागला हे कसं कळणार? साध्या कुटुंबाला यासाठी यंत्र लागत नाही. खेळताना सलग वाक्य बोलता आलं नाही, दोन-तीन शब्दांवर दम लागला, तर जोर पुरेसा आहे. एक-दीड मिनिटात बोलणं पुन्हा सुरळीत झालं, तर विश्रांतीही पुरेशी आहे. खेळाच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. पकडापकडीने हात-खांद्यांची ताकद फारशी वाढत नाही. त्यासाठी लोंबकळणं, झाडावर चढणं, दोरखेच, जोर-बैठका लागतात. स्पर्धेत उतरणाऱ्या किशोरवयीन खेळाडूला जाणत्या प्रशिक्षकाने आखलेल्या फेऱ्या लागतातच. इथे प्रश्न त्या मोजक्या खेळाडूंचा नाही. ज्या बहुसंख्य मुलांना शिफारशीची किमान पातळीही गाठता येत नाही, त्यांच्यासाठी पहिलं काम मोजण्याचं नसून रोज बाहेर पडावंसं वाटण्याचं आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. निरोगी मुलाला काही सेकंदांचा जोर घातक नसतो, तो त्याचा स्वभावच आहे. धोका येतो तो मोठ्यांनी लादलेल्या अट्टहासातून, ‘अजून पाच, थांबायचं नाही’ यातून. मुलाला केव्हाही थांबण्याचा हक्क हवा. ‘टाइम प्लीज’ म्हणत मूठ दाखवून थांबणारी मुलं तो हक्क फार पूर्वीपासून वापरत आली आहेत आणि मोठ्यांनी तो मोडू नये. मुलांना घाम कमी येतो आणि वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून कडक उन्हात त्यांचं शरीर प्रौढांपेक्षा लवकर तापू शकतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावरच खेळावं, आणि पाणी तहान लागण्याची वाट न पाहता द्यावं. दमा असलेल्या मुलाने आधी पाच-सात मिनिटं अंग सावकाश तापवावं आणि डॉक्टरांनी सांगितलेला पंप जवळ ठेवावा. हृदयाचा आजार असेल, धावताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. घरात खरी काळजी मोठ्यांचीच घ्यावी लागते. वर्षानुवर्षं न धावलेल्या चाळिशीतल्या बाबांनी पहिल्याच संध्याकाळी मुलांच्या मागे जीव तोडून पळू नये. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर वैद्यकीय सल्ला घेऊनच जोर वाढवावा.

यातूनच तिसरा प्रश्न निघतो. सात वर्षांची मुलगी, तेरा वर्षांचा मुलगा, चाळिशीतले आईवडील आणि सत्तरीतली आजी एकत्र कसे खेळणार? याचं उत्तरही नियमांतच आहे. आपल्याकडे लहानग्याला कच्चं लिंबू म्हणून खेळात घेतात. तो पळतो, ओरडतो, पण बाद होत नाही. हीच सवलत थोडी पसरवता येते. मोठ्या मुलाने लंगडी घालत पकडायचं, बाबांनी फक्त भरभर चालत पाठलाग करायचा, धाकटीला विष लागलं तर तिने पाच आकडे मोजून आपोआप सुटायचं. सवलत अशी हवी की प्रत्येकाला दम लागेल आणि कुणाचाही निकाल आधीच ठरलेला नसेल. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी धावपटूंसाठी ३० सेकंद संथ, २० सेकंद मध्यम आणि १० सेकंद जोरात अशी लय सुचवली आहे. प्रत्येकाने आपापल्या वेगाने पळायचं असल्यामुळे वेगवेगळ्या ताकदीची माणसं एकाच गटात सराव करू शकतात. आजी-आजोबांसाठी जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या हिरोशी नोसे यांच्या गटाची पद्धत सोपी आहे: तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश चालणं, अशा पाच फेऱ्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मध्यमवयीन आणि वृद्धांच्या मांड्यांची ताकद वाढली, दमाची क्षमता सुधारली आणि रक्तदाब उतरला. मुलं मैदानात खेळत असताना आजी कडेने अशा फेऱ्या घालू शकते, आणि वेग बदलण्याची हाक नातवंडांनी द्यायची. श्रावणातल्या मंगळागौरीच्या खेळांतही हीच लय आहे. दोघी फुगडी घालतात, बाकीच्या गाणं म्हणत दम घेतात आणि मग पाळी बदलते. झिम्मा, फुगडी, पिंगा यांना एका रात्रीपुरतं आणि फक्त बायकांपुरतं ठेवण्याचं काही कारण नाही. पावसाळ्यात घराबाहेर पडता येत नाही तेव्हा हे खेळ सगळ्या कुटुंबाचे होऊ शकतात, मात्र गुळगुळीत फरशीवर अनवाणीच खेळावं.

चौथा आक्षेप शिस्तीचा. सगळंच खेळीमेळीने घेतलं तर मुलं कष्ट करायला शिकणार कधी, असं अनेक पालकांना आणि शिक्षकांना वाटतं. पण खो-खोची मधली पट्टी न ओलांडणं, विष लागल्यावर कुणी बघत नसतानाही जागीच थांबणं, ही शिस्त मुलं स्वतःहून पाळतात, कारण ती मोडली तर खेळच संपतो. याउलट आपण शिस्तीच्या नावाखाली उशिरा आलेल्या मुलाला मैदानाला चकरा मारायला लावतो, गृहपाठ न केलेल्याला उठाबशा काढायला लावतो. बैठक हा मांड्यांसाठी उत्तम व्यायाम आहे आणि धावणं हृदयासाठी. या दोन्ही गोष्टींना आपण शिक्षा बनवलं आणि मग मुलं व्यायाम टाळतात म्हणून तक्रार करतो. हे शाळांनी आणि घरांनी आजच थांबवलं पाहिजे. अंगमेहनतीची परिसीमाही खेळातून गाठता येते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. अंगणात खेळला जाणारा खेळ कष्टाच्या कोणत्या टोकापर्यंत नेतो, याचा हा पुरावा आहे.

उरतो जागेचा आणि वेळेचा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. शहरांतल्या सोसायट्यांची अंगणं वाहनांनी भरली आहेत आणि मुली वयात येऊ लागल्या की त्यांचं मैदान सगळ्यात आधी सुटतं. यासाठी संध्याकाळी शाळांची मैदानं मुलांना खुली करावीत, सोसायटीच्या सभेत वाहनतळाइतकीच खेळाच्या जागेचीही चर्चा व्हावी, आणि मुलींसोबत आईनेही मैदानात उतरावं. तोवर थोड्या जागेतही बरंच करता येतं. एका मोकळ्या कोपऱ्यात पाच मिनिटं तळ्यात-मळ्यात करून अंग तापवावं. मग पाच मिनिटं साखळी, पाणी पिऊन पाच मिनिटं जोडीजोडीने लंगडी, आणि शेवटी दहा मिनिटं लगोरी. लगोरीत चेंडू लागलेल्याने बाद न होता सात उड्या मारून परत यायचं. नंतर पाच मिनिटं सगळ्यांनी सावकाश चालायचं. अर्ध्या तासात हृदय, फुप्फुसं, हाडं आणि तोल या सगळ्यांना काम मिळतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी असा जोर पुरेसा आहे. उरलेल्या दिवशी सायकल, चालणं, मुक्त हुंदडणं चालेल. टाच किंवा गुडघा दुखत असेल तर उड्या बंद ठेवाव्यात.

कोणता खेळ निवडावा याची यादी प्रत्येक गावाची, प्रत्येक घराची वेगळी असेल. परीक्षा मात्र एकच आहे. खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली की थांबून पाहावं: कोण बसलंय, किती वेळ बसलंय आणि त्याला आत यायला वाट आहे का. वाट नसेल तर नियम बदलावा, आणि तो मुलांनाच विचारून बदलावा. शरीराची तंदुरुस्ती महिन्या-दोन महिन्यांत साठवून ठेवता येत नाही, ती आयुष्यभर पुन्हा पुन्हा कमवावी लागते. म्हणून लहानपणी कमावण्याची खरी गोष्ट म्हणजे धाप लागली तरी थोडं थांबून पुन्हा सुरू करता येतं हा विश्वास. जे मूल दहाव्या वर्षी बाहेर बसायला शिकलं, त्याला पन्नाशीत मैदानावर आणणं फार अवघड जातं. जे मूल दम घेऊन परत डावात यायला शिकलं, त्याला व्यायामाची गोडी वेगळी लावावी लागत नाही.